गॅबार्ड यांनी खुल्या केलेल्या कागदांवरून २०१६च्या अमेरिकी निवडणुकीतला रशियन हस्तक्षेप हे ओबामांचं कुभांड होतं, हे सिद्ध झालं का?

नाही. पण ते कागद नुसते झटकून टाकावेत असेही नाहीत.

तुलसी गॅबार्ड यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय गुप्तचर संचालक या नात्याने जुलै २०२५मध्ये जे कागद बाहेर काढले, त्यांतले बरेचसे एकच सांगतात: रशियाने मतमोजणीच्या यंत्रणेत शिरून निकाल फिरवलेला नाही, असं २०१६च्या अखेरीस गुप्तचर यंत्रणांचं मत होतं. मग जानेवारी २०१७मध्ये त्याच यंत्रणांचा अचानक उलटा अहवाल कसा आला, हा त्यांचा सवाल. गोम इथेच आहे. तो अहवाल उलटा नाहीच. रशियाने ज्या यंत्रणा चाचपल्या त्या मतमोजणीच्या नव्हत्या, हे त्यातही लिहिलंय. त्याचा आरोप निराळा होता: डेमोक्रॅटिक पक्षाचे ईमेल चोरून फोडणं आणि समाजमाध्यमांतून प्रचार करणं. त्या ईमेलचोरीसाठी विशेष तपास अधिकारी रॉबर्ट म्युलर यांनी २०१८मध्ये रशियन लष्करी गुप्तचर खात्याच्या १२ अधिकाऱ्यांवर आरोपपत्र ठेवलं. थोडक्यात, कुणी न केलेला दावा खोडून काढण्यात बराच गाजावाजा झाला.

खरं भांडण्यासारखं एकच विधान आहे: पुतीन यांना ट्रम्प यांच्या विजयाला हातभार लावायचा होता. त्यावर सीआयए आणि एफबीआयची खात्री ‘उच्च’, तर एनएसए या संदेश टिपणाऱ्या गुप्तचर यंत्रणेची ‘मध्यम’. म्हणजे मतभेद पहिल्या दिवसापासून छापील होता, लपवलेला नव्हता. प्रतिनिधीगृहाच्या गुप्तचर समितीतल्या रिपब्लिकनांनी नेमकं याच विधानावर बोट ठेवलं. सीआयएचे आताचे संचालक रॅटक्लिफ यांनी करवून घेतलेला आढावाही म्हणतो की काम घाईत उरकलं आणि ‘उच्च’ खात्री जरा जास्तच होती. माजी ब्रिटिश हेर क्रिस्टोफर स्टील यांच्या ट्रम्प-रशिया संबंधांवरच्या वादग्रस्त टिपणाचं सार अहवालाला जोडायला सीआयएच्याच रशिया-तज्ज्ञांचा विरोध होता. ते जोडायलाच नको होतं, असं माझंही मत. तरीही मूळ निष्कर्ष चुकला, असं हा आढावा म्हणत नाही.

आणि सिनेटची गुप्तचर समिती? तिथे २०२०मध्ये रिपब्लिकनांचं बहुमत होतं, तरी तिने जानेवारी २०१७चा तो अहवाल पक्का ठरवला. त्या समितीत मार्को रुबिओ होते, आता ट्रम्प यांचे परराष्ट्रमंत्री! त्यांना यावर छेडलेलं मला ऐकायला आवडेल.

मूळ जाहीर अहवाल जेमतेम २५ पानांचा आहे. गॅबार्ड यांचे कागद उघडण्याआधी तो वाचा. निम्मा वाद तिथेच गळून पडतो, आणि पुतीन यांच्या पसंतीचा उरतो.