स्टीअरिंगवरून: उस्ताद म्हणतात न्यूट्रल, सेंटरवाले म्हणतात गिअर

(ट्रकवर ३४ वर्षं काढून आता नव्या ड्रायव्हरांना शिकवणारे आमचे सदरलेखक वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

पत्र पहिलं

काका, माझं वय २३. ट्रेनिंग सेंटरात ३८ तासांचा कोर्स करून हेवीचं लायसन काढलं आणि दोन महिन्यांपूर्वी पुण्यातल्या एका ट्रान्सपोर्टला लागलो. सोबत ५५ वर्षांचे उस्ताद आहेत. साताऱ्याकडून येताना कात्रजचा नवा बोगदा संपला की ते गाडी न्यूट्रल करतात, कधी कधी चावीच बंद. मी हटकलं तर म्हणाले, "तू कॉम्प्युटरवर शिकलास, मी रस्त्यावर शिकलो." माझ्या हातात गाडी असली की मी खालच्या गिअरात उतरवतो, तर ह्यांचं "बैलगाडी हाकतोय" सुरू. वर शेठला सांगतात, पोरगं अ‍ॅव्हरेज देत नाही. नोकरी नवीन आहे. गप्प बसू का?
— एक नवा ड्रायव्हर, जत

पोरा, तुला उत्तर द्यायच्या आधी माझी चोरी सांगतो.

१९९३ साल. किन्नर, म्हणजे क्लीनरच्या सीटवरून मी नुकताच स्टीअरिंगवर आलो होतो. लासलगावचा कांदा भरून वाशी मार्केटला निघालो, सहाटायरी गाडी, शेजारी उस्ताद. घाटनदेवीला हात जोडले आणि कसारा उतरायला लागलो तसा उस्तादांनी हात लांब करून स्टॉपर ओढला. त्या गाड्यांना इंजिन बंद करायला दांडी ओढायची असायची. म्हणाले, "आता फुकटचा रस्ता." पहिलं वळण मजेत गेलं, दुसरंही. इंजिनाचा आवाज नाही, नुसता वारा. तिसऱ्या वळणाच्या अलीकडं ब्रेकचे लायनर जळाल्याचा वास आला आणि ब्रेकच्या हवेचा काटा बघतो तर खाली खाली चाललेला. मी स्टॉपर आत ढकलला आणि गिअर टाकायला गेलो. त्या वेगात गिअर पडेना, नुसती करकर. उस्ताद ओरडले, "डोंगराच्या अंगाला घास!" घासली. निम्मा कांदा रस्त्यावर, डाव्या अंगाचा फाळका गेला, आम्ही दोघं शाबूत. शेठला सांगितलं, ब्रेक फेल झाला.

तेव्हापासून पेपरात "ब्रेक फेल" वाचलं की मला तो कांद्याचा वास येतो.

आता तुझ्या उस्तादांची बाजू. ते ज्या गाडीवर शिकले तिला पॉवर स्टीअरिंग नव्हतं. इंजिन बंद असो की चालू, स्टीअरिंगला सारखाच जोर लागायचा. टाकीत हवा भरलेली असली की आठ-दहा वेळा ब्रेक मिळायचा आणि छोटा उतार तेवढ्यात संपायचा. म्हणजे त्यांनी जे केलं ते त्यांच्या डोळ्यांसमोर हजार वेळा निभावून गेलेलं आहे. म्हणून ते ऐकत नाहीत. तू "चूक" म्हणतोस तेव्हा त्यांना त्यांची तीस वर्षं चूक असल्यासारखी ऐकू येतात.

पण आजची गाडी वेगळी. चावी बंद केलीस की स्टीअरिंग दगड होतं. हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो, इंजिन थांबलं की प्रत्येक पॅडलला टाकीतली हवा फक्त कमी होत जाते. इंजिनाचा धूर अडवून गाडी धरणारा एक्झॉस्ट ब्रेकही गेला. आणि नुसतं न्यूट्रल केलंस, इंजिन चालू ठेवलंस, तरी गाडी धरून ठेवणारं कुणी उरत नाही, सगळा भार लायनरवर. लायनर ज्यावर घासतो तो चाकातला ड्रम तापला की लायनर धरत नाही. हवा पूर्ण, पॅडल पूर्ण, गाडी मात्र थांबत नाही. गाडी गार झाल्यावर मेकॅनिक तपासतो तेव्हा ब्रेक चांगला निघतो, ह्याचं कारण हेच.

२० नोव्हेंबर २०२२ ची रात्र पुण्यात सगळ्यांना आठवते. नवले पुलाच्या उतारावर एका ट्रकनं एकामागून एक कितीतरी गाड्या ठोकल्या. पहिली बातमी ब्रेक फेलचीच होती. नंतर पोलिसांनी सांगितलं, ड्रायव्हरनं उतारावर इंजिन बंद केलं होतं. तू रोज उतरतोस तोच हा उतार. बोगद्यापासून पुलापर्यंत तो दिसायला सौम्य आहे. खंडाळ्यात माणूस घाबरून सावध असतो, इथं दोन्ही बाजूला बिल्डिंगी आणि दुकानं बघून त्याला वाटतं गाव आलं.

डिझेलचं म्हणशील तर त्यातही उस्तादांचा हिशोब जुना झाला. आताचं इंजिन गिअरात असताना पाय उचललास की इंजेक्टर डिझेल बंद करतो, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला मात्र इंजिन जिवंत ठेवायला थोडं थोडं डिझेल जातच राहतं. गाडीच्या डिस्प्लेवर चालू खप दिसत असेल तर एकदा उस्तादांना दाखव. भांडू नकोस. "उस्ताद, हा आकडा असा का येतो?" असं विचार. विचारलेलं आवडतं आम्हाला, सांगितलेलं आवडत नाही. आणि हे ढाब्यावर चार ड्रायव्हर बसलेले असताना काढू नकोस, गाडीत दोघंच असताना काढ.

तुझ्या हातात स्टीअरिंग असेल तेव्हा मात्र बैलगाडी तर बैलगाडी. चढायला जो गिअर लागला असता त्यात किंवा त्याच्या खालच्यात, आणि तो उतार सुरू व्हायच्या आधी टाकायचा. मधे गिअर पाडायला गेलास तर माझ्या कसाऱ्यासारखं होतं. पॅडलवर पाय ठेवून बसू नकोस. नीट दाबून वेग उतरव, सोड, ड्रमला गार व्हायला वेळ दे. उस्ताद चालवत असताना त्यांनी चावीला हात लावला तर मात्र गप्प बसू नकोस. तिथं मान राखायचा नसतो.

आणि एक राहिलं. तू ३८ तास शिकलास, त्यात वर्गही आला. मी किन्नर म्हणून साडेचार वर्षं काढली. टायरवर टॉमी (लोखंडी दांडा) मारून आवाजावरून हवा कळणं, पावसात ताडपत्रीचा दोर कुठं ढिला पडतो, हाफ भरलेला टँकर ब्रेक मारल्यावर मागून कसा ढकलतो, हे मला कुणी शिकवलं नाही, बसून बसून दिसलं. आता भाड्यात परवडत नाही म्हणून बहुतेक शेठ किन्नर ठेवतच नाहीत. ती सीट म्हणजे आमची शाळा होती. शिव्यांची, कधी पाठीत रट्ट्यांची, पण शाळा. तुला योगायोगानं उस्ताद शेजारी मिळालेत. न्यूट्रल सोडून त्यांच्याकडचं बाकी सगळं घे.

पत्र दुसरं

३१ वर्षं गाडी चालवतोय, एक अपघात नाही. कंपनीनं आता केबिनमध्ये कॅमेरा बसवलाय, जांभई दिली तरी बीप वाजतो. महिन्याला ट्रेनिंग. शिकवणारा मुलगा माझ्या धाकट्याच्या वयाचा, मला आरसा कसा बघायचा ते सांगतो. घाटात एक रात्र तरी काढलीय का त्यानं? ह्या पोरांचं ऐकायचं का आम्ही?
— एक जुना ड्रायव्हर, इचलकरंजी

उस्ताद, तुमचा राग मी ओळखतो, कारण मीही असाच हाताची घडी घालून मागच्या बाकावर बसलो होतो.

त्या दिवशी शिकवणाऱ्या पोरानं मला गाडीत चढवलं आणि खाली चार माणसं उभी केली. एक बंपरला टेकून, एक डाव्या दाराखाली, एक स्कूटीवर पुढच्या डाव्या चाकाशी, एक मागे. "किती दिसतात?" विचारलं. आरसे बघितले, वाकून बघितलं. एकही नाही. मी उतरलो तेव्हा घाम फुटला होता. चौकात डावं वळण मी किती वेळा मारलं असेल? अपघात झाला नाही ह्यात माझं कसब किती आणि त्या स्कूटीवाल्यांचं नशीब किती, हा हिशोब मी अजून लावतोय. तुमच्या ३१ वर्षांवर मी बोट ठेवत नाही. पण आरशाचं त्या पोराकडून एकदा ऐका.

दुसरं डोळ्यांचं. समोरचे हल्ली लाइट फार फाकवतात म्हणून मी दोन वर्षं शिव्या देत होतो. तपासलं तर माझ्याच डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. लायसन रिन्यू करताना आपण डॉक्टरचा दाखला जोडतो, तो कसा मिळतो ते तुम्हाला मी सांगायला नको. एकदा खरोखरचे डोळे तपासून घ्या.

कॅमेऱ्याच्या बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूचा. जांभई मोजणारं यंत्र आलं, तास मोजणारं कुठाय? दिवसाला ८ तास आणि सलग ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती, हे मोटार ट्रान्सपोर्ट कामगारांसाठी १९६१ सालीच कायद्यात लिहिलं गेलं. इचलकरंजीहून सूत घेऊन भिवंडीला जाऊन, तिथं खाली व्हायला रात्रभर रांगेत थांबून, सकाळी परत फिरणाऱ्या माणसाला जांभई येणार नाही तर काय येणार? पुढच्या ट्रेनिंगला हा प्रश्न उभं राहून विचारा. पोराला उत्तर देता येणार नाही, पण तो वर कळवेल. तुमच्यासारख्या बिनअपघाती माणसानं विचारलं तर ते कागदावर येतं, नव्यानं विचारलं तर त्याला कामचुकार म्हणतात.

आणि घाटातली रात्र? त्यानं नसेल काढली. तुम्ही न्या त्याला. खरंच सांगतो. मी आमच्या ट्रेनरला जानेवारीत एकदा बारामतीकडून रात्री आणला. ऊस भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, वरून धुकं. दौंडला चहा पिताना तो म्हणाला, हे आमच्या सिम्युलेटरमध्ये नाही. पुढच्या बॅचपासून तो पोरांना उसाच्या हंगामावर तासभर बोलतो, आणि बोलायला मला उभं करतो.

पत्र तिसरं

मिस्टर गेल्यावर दोन गाड्या मीच बघते. एकीवर जुने ड्रायव्हर, दुसरीवर नवा मुलगा ठेवायचा आहे. जुने म्हणतात, "ताई, सेंटरचं पोरगं घेऊ नका." डिझेल वाचवलं तर मी महिन्याला बक्षीस देते, तेही त्यांना नव्याला द्यायचं नाही असं वाटतं. तुम्ही काय कराल?
— एक गाडीमालकीण, फलटण

ताई, आधी ते बक्षीस बंद करा. वर जतच्या पोराला जे लिहिलं त्याचं मूळ बहुतेक वेळा शेठच्या वहीत असतं. ड्रायव्हर न्यूट्रलमध्ये का उतरतो? कारण महिनाअखेरीला कुणीतरी लिटर मोजणार असतं. तुम्ही वाईट हेतूनं ठेवलं नाही, पण दोन लिटरसाठी माणूस खंबाटकीत काय करतो ते तुम्हाला फलटणला बसून दिसत नाही. तेच पैसे द्यायचे तर टायर किती चालले, लायनर किती चालले, ह्यावर द्या. लायनर ज्याचे जास्त चालतात तो उतारावर गिअरात असतो.

सेंटरचं पोरगं घ्या. त्याला बीएस-६ गाडीचा युरिया (धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरतात तो), डॅशबोर्डवरचे दिवे, हे जुन्यांपेक्षा चांगलं कळतं. पण पहिले दोन महिने त्याला एकट्याला गाडी देऊ नका, जुन्यांच्या शेजारी बसवा. आणि जुन्यांना त्या दोन महिन्यांचा वेगळा भत्ता द्या, शिकवण्याचा म्हणून, तसं तोंडानं सांगून. आमच्या पिढीला शिकवण्याचे पैसे कधी कुणी दिले नाहीत. म्हणून तर नवं पोरगं आलं की वाटतं, हा माझी सीट घ्यायला आलाय.

सुरुवातीच्या फेऱ्या दिवसाच्या ठेवा. पुण्याकडं येताना खंबाटकीचा उतार जुन्यांनी त्याला आधी दोनदा स्वतः चालवून दाखवावा, तिसऱ्यांदा गाडी त्याच्या हातात द्यावी. आणि परत आल्यावर दोघांना वेगवेगळं विचारा, कुठल्या गिअरात उतरलात?