मागचं आधी काढ

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

आजोबांचं पोर्ट्रेट पाहिलं. चेहरा जमलाय, तो तुला जमतोच. पण मागे नुसता तपकिरी हात मारलायस आणि वर मलाच विचारतेस, ‘सर, ओळखू येतात, पण ते वाटत नाहीत, असं का?’ अगं, उभा जन्म वकिलीत गेला त्यांचा. फायली कुठायत?

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या वेबसाइटवर फ्रेंच चित्रकार देगासचं 1879 चं एक रेखाटन आहे, ते बघ. नुसत्या पुस्तकांच्या फळ्या. माणूस नाहीच. एदमों द्युरांती या कादंबरीकार-समीक्षकाच्या पोर्ट्रेटची ती तयारी. द्युरांतीचं रेखाटन वेगळं केलं, फळ्यांचं वेगळं. पुरं झालेलं चित्र ग्लासगोच्या बरेल संग्रहात आहे: टेबलाशी बसलेला द्युरांती, बोटं डोळ्याजवळ दाबलेली, पुढ्यात कागदांचा पसारा, मागे पुस्तकंच पुस्तकं. गंमत म्हणजे माणसाला त्याच्या खोलीपासून तोडू नका, हे 1876 मध्ये नव्या चित्रकलेवरच्या पुस्तिकेत लिहिलं होतं खुद्द द्युरांतीनेच. देगासने, त्याच्या मित्राने, ते त्याच्यावरच लागू केलं. चित्र झालं, त्याच्या पुढच्याच वर्षी द्युरांती गेला.

इम्प्रेशनिस्ट म्हणजे झरझर काढून मोकळे, असं तुम्हा पोरांच्या डोक्यात पक्कं बसलंय. देगासला त्यांच्यातच धरतात, पण त्याला ते नावसुद्धा आवडत नसे. तेव्हा मागचं आधी काढ.

फोटोवरून भरते म्हणालीस. भर, पण मग मला दाखवू नकोस. वकिलाच्या फायलीची नाडी जवळून पाहिलीयस कधी? चालू खटल्याची असेल तर सोडून-बांधून टोक पिंजलेलं, काळं पडलेलं. निकाली निघालेल्याची गाठ मात्र वर्षानुवर्षं तशीच, वर धूळ. ते तुझ्या फोटोत येणार आहे?

मला लोक चिकट म्हणतात. एका प्रकाशकाने हातातलं काम काढून घेतलं, कारण त्याला चेहरा हवा होता आणि मी लेखकाचं कपाट काढत बसलो होतो. पैशांची गरज होती, घरी बोलणीही खाल्ली. अजून हळहळ वाटते, नाही म्हणत नाही. पण दुसऱ्याने केलेलं ते कव्हर बघ एकदा. लेखक पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखे दिसतात! मग चुकलं कोणाचं?

मागचं आधी. पुन्हा सांगायला लावू नकोस.

रविवारी ये. पोर्ट्रेट आणू नकोस, फक्त कपाटाची रेखाटनं आण. आणि ती होईपर्यंत आजोबांना ओसरीवर बसव, नाहीतर तुझा हात परत चेहऱ्याकडेच वळेल.

तुझा,
सर