फिजिओच्या डिझर्टेशनसाठी सोनोग्राफी: प्रोब कोणता ते नंतर, कोणाच्या हातात ते आधी

तुझी पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. एमपीटीएचचं (फिजिओथेरपीच्या मास्टर्सचं) पहिलं वर्ष, विषय जुन्या कंबरदुखीच्या पेशंटमध्ये ट्रान्सव्हर्सस अ‍ॅब्डॉमिनिसची (पोटाच्या सगळ्यात आतल्या स्नायूची) जाडी सोनोग्राफीवर मोजायची, गाईड म्हणतात छान आहे कर, आणि ओळखीतलं कुणीतरी मोबाईलला जोडायचा सोनोग्राफीचा छोटा प्रोब (अंगावर टेकवायचा भाग) थोडे दिवस वापरायला द्यायला तयार आहे, म्हणजे तो फिजिओ ओपीडीत ठेवून तू स्वतःच स्कॅन करणार. आणि विचारलंयस काय, तर लिनिअर (सपाट तोंडाचा) घेऊ का कर्व्हिलिनिअर (बाकदार). अगं थांब. (सिनियर म्हणून अगंतुगं करतेय, राग मानू नकोस.) तो प्रोब ओपीडीत आणू नकोस, फुकट मिळत असला तरी.

टीआरए (तोच ट्रान्सव्हर्सस) काय, मल्टिफिडस (मणक्यालगतचा खोल स्नायू) काय, ड्रॉइंग-इन (पोट हळूच आत ओढणं) काय हे तुला माहिती असणार, ते सोडते.

तू मेथड ज्या पेपरांवरून उचलली असशील ते बहुतेक ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनचे किंवा अमेरिकेतल्या आर्मी फिजिओंचे असणार. हॉजेस आणि रिचर्डसन यांनी १९९६ मध्ये हात उचलताना टीआरए उशिरा चालू होतो हे दाखवलं ते सुईच्या ईएमजीने (स्नायूतले विजेचे संकेत मोजून), पण त्याआधीच १९९४ मध्ये हाइड्स आणि मंडळींनी सोनोग्राफी लावून दाखवलं होतं की नव्याने कंबर धरलेल्या पेशंटमध्ये दुखतंय त्याच बाजूचा मल्टिफिडस बारीक झालेला असतो, आणि १९९६ मध्ये पुढचं, की दुखणं गेलं तरी तो आपोआप भरून येत नाही. मग २००६ मध्ये सॅन अँटोनियोला मोठी बैठक झाली आणि फिजिओंनी सोनोग्राफी कशासाठी, किती वापरायची हे बसून ठरवलं. सोनोग्राफीच्या या सगळ्या कामात प्रोब फिजिओच्या हातात आहे. त्यामुळे मेथड वाचताना आपल्यालाही वाटतं, गाऊन घातला, जेल लावलं, घेतलं मोजून. इथे तसं नाहीये. इथे पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा, आहे.

मी वकील नाही, आणि नियम बदलत असतात, तेव्हा हे वाचून स्वतः खात्री कर. पण मला समजलंय ते असं. जागा, मशीन आणि ते चालवणारा डॉक्टर, तिन्ही नोंदलेलं लागतं, आणि चालवणारे कोण तर स्त्रीरोगतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट किंवा ठरलेलं ट्रेनिंग घेतलेले डॉक्टर. फिजिओ त्या यादीत नाही. नोंदणी नसलेल्या माणसाला मशीन विकणं, भाड्याने देणं, नुसतं वापरायला देणंसुद्धा चालत नाही, म्हणजे तुझा तो ओळखीतला माणूसही अडकतो. पोर्टेबलसाठी २०१२ मध्ये आणखी कडक नियम आले. "पण मी तर पुरुष पेशंटच घेणार आहे" हे ऐकवू नकोस, मशीनला ते कळत नाही आणि तपासणीला येणाऱ्यांनाही त्याच्याशी देणंघेणं नसतं. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत जाते. डिझर्टेशनसाठी एवढं नको.

कायद्याबद्दल माझी तक्रार नाही हेही सांगते, नाहीतर खाली लोक सुरू होतील. देशात असा कायदा सगळ्यात आधी आपल्याकडे झाला, १९८८ मध्ये, केंद्राचा १९९४ मध्ये. तरी २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८९४ मुली आणि बीडमध्ये ८०७. एवढं झाल्यावर कडक असणारच, असावंच. माझा राग आहे तो लेखी उत्तर न देणाऱ्या ऑफिसवर.

माझं काय झालं ते सांगते, कारण तू त्याच रस्त्यावर आहेस. ऑफिसचं नाव लिहिणार नाही, ओळखायचं त्यांनी ओळखावं. आमच्या रेडिओलॉजीचं रजिस्ट्रेशन होतं, डॉक्टर तयार होते, एथिक्स कमिटीने फक्त एवढंच म्हटलं की फिजिओची विद्यार्थिनी स्कॅनच्या वेळी खोलीत थांबून पेशंटला सूचना देणार आणि नंतर सेव्ह केलेल्या इमेजवर मोजमाप घेणार, याला हरकत नाही असं पीसीपीएनडीटी बघणाऱ्या ऑफिसकडून लेखी आणा. साधी गोष्ट. पत्र घेऊन गेले. क्लार्कने पत्रातला "अल्ट्रासाऊंड" शब्द वाचला आणि विचारलं तुमच्या फिजिओथेरपी विभागात अल्ट्रासाऊंडची मशीन आहेत का. मी म्हटलं आहेत, पण ती उपचाराची, एक आणि तीन मेगाहर्ट्झची, त्यात चित्र येतच नाही, खांद्याला गुडघ्याला लावतात. तर म्हणे त्यांची नोंदणी कुठाय. तिथून जी गाडी रुळावरून उतरली ती उतरलीच. माझा प्रश्न राहिला बाजूला आणि आमच्या ओपीडीतल्या शेक द्यायच्या मशीनांची चौकशी सुरू झाली, विभागप्रमुख माझ्यावर वैतागल्या, कंपनीचं कॅटलॉग नेऊन दाखवलं, मशीनचा फोटो दाखवला, स्क्रीनवर फक्त मिनिटं आणि वॅट दिसतात हे दाखवलं. शेवटी ते पटलं. मग मूळ पत्र. साहेब व्हीसीत. साहेब दौऱ्यावर. साहेब भेटले तर तोंडी म्हणाले "काही हरकत नाही, करा तुम्ही." लिहून द्या म्हटलं तर "वरिष्ठांकडून मार्गदर्शन मागवलंय." ते मार्गदर्शन आजतागायत आलेलं नाही, माझी डिग्री होऊन मी दुसऱ्यांना शिकवायला लागले तरी.

त्या काळात माझं सँपल गोळा करायचं सगळं वेळापत्रक कोलमडलं, ज्या डॉक्टर मॅडम तयार होत्या त्या नोकरी सोडून गेल्या, आणि एक्स्टेन्शनची फी घरच्यांकडून मागताना जे वाटलं ते वेगळंच. "तोंडी हो" म्हणजे काहीच नसतं हे तेव्हा कळलं. त्यामुळे कुठल्याही ऑफिसात पत्र दिलंस तर इनवर्ड करून ओसीवर (आपल्याकडच्या प्रतीवर) शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय बाहेर पडू नकोस, "ठेवून जा, बघतो" म्हणाले तरी. आणि पत्रात "अल्ट्रासाऊंड" लिहू नकोस, "सोनोग्राफी" लिही. हसू येईल पण माझे अर्धे हाल या एका शब्दाने वाचले असते.

माझा मार्ग शेवटी कसा निघाला, तर प्रश्नच बदलून. ऑफिसला परवानगी मागायचीच नाही अशी मेथड लिहिली. स्कॅन नोंदणीकृत खोलीत, नोंदणीकृत मशीनवर, नोंदणीकृत रेडिओलॉजिस्ट करणार, कसलाही अपवाद नाही. मी प्रोबला हात लावणार नाही हे वाक्य सिनॉप्सिसमध्ये स्पष्ट. गरोदर बायका वगळलेल्या, आणि पाळी येणाऱ्या वयातल्या प्रत्येक बाईची एलएमपी (शेवटच्या पाळीची तारीख) नोंदवलेली. रेडिओलॉजीच्या एचओडींचं संमतीपत्र सिनॉप्सिसलाच जोडलेलं. एथिक्सने पास केलं. तू हे पहिल्या दिवशीच कर, माझ्यासारखं शेवटी नको. सीटीआरआयची (देशाच्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीची) नोंदणीही पहिला पेशंट घ्यायच्या आधी, एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी घेत नाहीत.

आणि गंमत म्हणजे याने अभ्यास सुधारतो. रेडिओलॉजिस्टना कंबरदुखीवाला कोण आणि कंट्रोल (तुलनेसाठीचा, न दुखणारा) कोण हे सांगायचं नाही. इमेज नुसत्या कोड नंबरने सेव्ह, डायकॉम फाईल पेनड्राइव्हवर, नंतर तू इमेजजेवर (इमेज मोजायच्या सॉफ्टवेअरवर) निवांत मोजायचं, तेव्हा तुलाही कोड कोणाचा ते माहिती नाही, कोडची चिठ्ठी गाईडकडे. ब्रिस्बेनच्या पद्धतीने स्वतः स्कॅन करत स्वतः कर्सर लावणाऱ्याला हे ब्लाइंडिंग एवढं सहज मिळत नाही. व्हायव्हाला एक्स्टर्नलनी याच मुद्द्यावर मान डोलावली होती.

फक्त एक अट, रेडिओलॉजिस्ट एकच हवेत. "कोणीतरी रेसिडेंट करेल" हे मान्य करू नकोस, त्यांच्या ड्यूट्या फिरतात आणि प्रत्येकाचा हात वेगळा. त्यात त्यांना यकृत-मूत्रपिंड बघायची सवय, डेप्थ भरपूर ठेवतात आणि प्रोब दाबतात. टीआरए शांत असताना जेमतेम तीन-चार मिलिमीटर. दाबला की गेला. जेल भरपूर, प्रोब नुसता टेकवायचा, डेप्थ चार-पाच सेंटीमीटर, बरगडी आणि इलिअ‍ॅक क्रेस्टच्या (कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेच्या) मधे, आणि फोटो श्वास सोडून संपतो त्या क्षणी. हे एका पानावर मराठीत लिहून मशीनला चिकटव, मी चिकटवलं होतं, त्यांनीही वाईट वाटून घेतलं नाही.

तुझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर: टीआरएला लिनिअर छान दिसतो, जाड पेशंटला कर्व्हिलिनिअर, मल्टिफिडसला कर्व्हिलिनिअर. जे घेशील ते सगळ्यांना एकच.

अर्ध्या मिलिमीटरचं काय होतं बघ. शांत ३.५, आवळल्यावर ५, रेशो आला १.४३. आता शांत असतानाच्या इमेजवर कर्सर चुकून फॅशियाच्या (स्नायूवरच्या पातळ आवरणाच्या) पांढऱ्या रेघेच्या बाहेर टेकला आणि ४ आलं, तर रेशो १.२५. पेशंट तोच, स्नायू तोच, तुझा निष्कर्ष उलटा. म्हणून कर्सर रेघेच्या आतल्या कडेला, प्रत्येक स्थितीत तीन इमेज आणि त्यांची सरासरी, आणि खरा डेटा सुरू करायच्या आधी थोड्या लोकांवर तुझी स्वतःची रिलायबिलिटी (पुन्हा मोजल्यावर तेच येतं का) काढ. नुसत्या जाडीची रिलायबिलिटी छान येते, जाडीतल्या फरकाची तेवढी येत नाही, आणि तुझा आउटकम नेमका फरक आहे. रिलायबिलिटी "एक्सलंट" म्हणून जाडीची छापायची आणि निष्कर्ष फरकावर काढायचे हे मी खूप थिसिसमध्ये बघितलंय. करू नकोस.

पेशंटच्या बाजूने आणखी. "पोट आत घ्या" म्हटलं की आपला माणूस छाती फुगवून श्वास धरतो, संपलं. "बेंबी हळूच, अगदी थोडी, मणक्याकडे न्या, श्वास चालू ठेवा" असं एकच वाक्य ठरव आणि सगळ्यांना तेच, शब्दन् शब्द. लघवी रोखल्यासारखं करा हे काम करतं, पण पडद्यापलीकडे पन्नास माणसं बसलीयत आणि समोर साठीचे काका, तर ते जमत नाही. परकराची नाडी, पँटचा पट्टा सैल करायला लाव. पोटभर जेवून आलेल्याला बसव थोडा वेळ. स्क्रीन पेशंटपासून फिरवून ठेव, कारण स्वतःचा स्नायू दिसला की तो बघून बघून सुधारतो, मग तू मापतेयस ते बायोफीडबॅक. आणि सकाळी रेडिओलॉजीत एएनसी (गरोदर बायकांची तपासणी) आणि उपाशीपोटीवाल्यांची गर्दी असते, दुपारी जा, तिथल्या सिस्टरशी गोड बोल, त्याच तुझा डेटा पुरा करतात.

आता माझं मत, न पटलं तर सोड. शीर्षकात "स्ट्रेंग्थ" हा शब्द नको. जाडी वाढली म्हणजे ताकद वाढली असं नसतं. हॉजेसनीच २००३ मध्ये दाखवलंय की हलकं आकुंचन असेल तोवर जाडी ईएमजीबरोबर वाढते, पुढे जोर कितीही लावा जाडी तिथेच. आणि व्यायामाने टीआरए जाड झाला म्हणून दुखणं कमी झालं असा सरळ संबंधही लागत नाही, मॅनिअन यांच्या २०१२ च्या अभ्यासात पेशंट बरे झाले पण त्याचा पोटाच्या स्नायूंच्या सुधारणेशी मेळ बसला नाही. २०१६ च्या कॉक्रेनच्या संशोधन-आढाव्यातही जुन्या कंबरदुखीला मोटर कंट्रोल व्यायाम (हेच आतले स्नायू नीट वापरायला शिकवणारे) इतर व्यायामांपेक्षा फार सरस ठरले नाहीत. तरी आपल्याकडे प्रत्येक जिमवाला "कोअर वीक आहे" म्हणून सांगत फिरतोय, आणि आपल्यातलेही काही ओपीडीत तेच सांगतात, पेशंट घाबरून वाकायचं सोडतो. जाऊ दे, हा विषय निघाला की मी थांबत नाही.

मी तुझ्या जागी असते तर टीआरए सोडून मल्टिफिडस घेतला असता, एकाच बाजूला दुखणारे पेशंट, एल फोर-फाइव्हला (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यापाशी) दोन्ही बाजूंची तुलना. पेशंटची दुसरी बाजूच त्याचा कंट्रोल, म्हणजे वय-वजन जुळवायची कटकट निम्मी. फक्त बीएमआयला वरची मर्यादा घाल, चरबीतून फॅसेट (मणक्यांमधला छोटा सांधा) दिसेनासा होतो.

आणि रेडिओलॉजीतून सरळ "नाही" आलं तर हट्ट करू नकोस, प्रेशर बायोफीडबॅक (हवेची पिशवी आणि दाबाचा मीटर) घे. पालथं झोपवून पिशवी ७० मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाला फुगवायची, पोट आत नेल्यावर चारेक ते दहा मिलिमीटर उतरतं का बघायचं, नोंदणीची भानगड नाही, आणि बहुतेक कॉलेजात एखादं कपाटात पडलेलं असतं. त्याच्या व्हॅलिडिटीवर लोक भांडतात, ते वेगळं प्रकरण आहे, तो विषय पक्का केलास तर तसा धागा काढ, तिथे लिहीन.