वाचकांचे प्रश्न : मुक्तस्रोत फोन बिघडला, दाद कशी मागावी?

प्रश्न : मी परदेशातून लिनक्सवर चालणारा एक मुक्तस्रोत (खुल्या रचनेचा आणि सॉफ्टवेअरचा) फोन मागवला. जिओच्या सिमवर इंटरनेट व्यवस्थित चालते, पण कॉल लागत नाही आणि येतही नाही. शिवाय यूएसबी-सी डॉक (फोनाला मॉनिटर जोडण्याची पेटी) जोडला तर मॉनिटरवर चित्र उमटत नाही. विक्रेत्याच्या मदत विभागाने दुसरी ऑपरेटिंग प्रणाली टाकून पाहा असे कळवले आणि त्यानंतर मौन धरले. वापरकर्त्यांच्या गटातील मंडळी मात्र बोर्डच (आतली मुख्य सर्किट पाटी) सदोष असल्याचे ठामपणे सांगतात. कोणाचे खरे मानावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : (तक्रारीतील विक्रेत्याचे आणि फोनाचे नाव या सदरात छापले जात नाही.) आपल्या पत्रात दोन स्वतंत्र तक्रारी आहेत. त्या एकाच पत्रात विक्रेत्याला कळवल्या असतील, तर मदत विभागाने त्यांतली सोपी उचलून दुसरी सोडून दिली असण्याचा संभव मोठा आहे. यापुढे प्रत्येक बिघाडासाठी वेगळे पत्र पाठवावे.

कॉलच्या तक्रारीत बिघाड बहुधा नसावाच. जिओचे जाळे फक्त ४जी आणि ५जीचे आहे. कॉल वाहून नेणारी जुनी २जी किंवा ३जी यंत्रणा त्यांच्याकडे नाही. त्यामुळे फोनाला व्होल्टीई (४जीवरूनच कॉल करण्याची सोय) जमत नसेल, तर इंटरनेट चालूनही कॉल लागत नाही. एअरटेलचे किंवा व्होडाफोन आयडियाचे सिम एक दिवसासाठी उसने घेऊन घालून पाहावे. या कंपन्यांचे २जी जाळे अजून चालू असल्याने तेथे कॉल लागून आपला आवाज पलीकडे पोचला, तर मोडेम (जाळ्याशी संपर्क साधणारा भाग), अँटेना आणि मायक्रोफोन शाबूत आहेत असे समजावे. उदाहरणादाखल पाइनफोन हा लिनक्सवर चालणारा फोन घेऊ. त्यात असलेला क्वेक्टेल ईजी२५-जी हा मोडेम व्होल्टीईला साथ देतो, परंतु त्यासाठी मोडेमच्या आत योग्य दूरसंचार कंपनीची रूपरेषा (तिच्या जाळ्यासाठीच्या सेटिंगांचा संच) निवडलेली असावी लागते. हे काम एटी आज्ञांनी (मोडेमला पाठवायच्या लिखित सूचनांनी) होते, त्यासाठी फोन उघडावा लागत नाही. सिम बदलताना मात्र एक काळजी घ्यावी. पाइनफोनचा खाचा मायक्रो सिमचा आहे, म्हणून नॅनो सिम अडॅप्टरमध्ये बसवूनच घालावे लागते. रिकामा अडॅप्टर कधीही आत सरकवू नये, कारण बाहेर काढताना त्यात खाच्यातील पिना अडकून वाकतात, आणि मग नसलेला बिघाड खरोखरच निर्माण होतो.

डॉकची तक्रार अधिक गंभीर आहे, आणि तिला पूर्वपीठिकाही आहे. २०२० साली विकल्या गेलेल्या पाइनफोनच्या, यूबीपोर्ट्स या गटाची प्रणाली घातलेल्या आवृत्तीत बोर्डाची १.२ क्रमांकाची मांडणी होती, आणि तिच्या यूएसबी-सी जोडणीत रचनेचाच दोष असल्याने डॉकमार्फत बाहेरच्या पडद्यावर चित्र जात नसे. पुढच्या १.२ए या मांडणीत तो दोष काढला गेला. जुन्या बोर्डांसाठी सोल्डरिंगची पद्धत प्रसिद्ध करण्यात आली. असा दोष कितीही वेळा प्रणाली बदलली तरी जात नाही. म्हणून आपल्या बोर्डावर छापलेला मांडणीचा क्रमांक प्रथम वाचावा आणि त्याचे छायाचित्र तक्रारीसोबत जोडावे. त्या एका छायाचित्राने तक्रारीचे वजन जितके वाढेल, तितके चार पानी संतापाने वाढणार नाही.

मदत विभागाचा सल्ला सर्वस्वी चुकीचा नव्हता, फक्त अर्धवट होता. पाइनफोन सुरू होताना आधी मेमरी कार्ड तपासतो आणि नंतर अंतर्गत साठवणीकडे वळतो. त्यामुळे दुसरी प्रणाली कार्डावरून चालवून पाहता येते आणि मूळ प्रणालीला धक्का लागत नाही. पण येथे एक फसगत संभवते. दोन प्रणालींची नावे आणि रूपे वेगळी असली तरी त्यांच्या पोटात एकाच मुळातून आलेला कर्नल (यंत्राचे भाग चालवणारा प्रणालीचा गाभा) असू शकतो. दोन्हींत तीच चूक दिसली म्हणून दोष बोर्डाचाच आहे असे सिद्ध होत नाही. खात्रीसाठी निर्मात्याने कारखान्यातील तपासणीसाठी वापरलेली प्रणाली मिळत असल्यास ती कार्डावरून चालवावी, आणि बिघाड घडत असतानाची कर्नलची नोंद जतन करावी. हेडफोनच्या छिद्रातून सिरीयल जोडणी (फोनाच्या नोंदी तारेने संगणकावर वाचण्याची वाट) घेण्याची सोय पाइनफोनच्या पाठीमागील स्विचांपैकी एकाने होते. पडदाच उजळत नसेल तेव्हा ही सोय फार मोलाची ठरते.

उलट बाजूचे उदाहरणही ध्यानात ठेवावे. २००८ साली आलेल्या ओपनमोको कंपनीच्या निओ फ्रीरनर या फोनात मेमरी कार्डाच्या घड्याळ-संकेताचा (कार्डाचे काम तालात ठेवणाऱ्या विद्युत ठोक्यांचा) गोंगाट जीपीएसच्या अतिशय क्षीण संकेतावर मात करीत असे, आणि त्यामुळे स्थान सापडत नसे. दोष निखालस विद्युत रचनेचा होता. तरीही कार्ड वापरात नसताना तो संकेत बंद ठेवण्याची तरतूद प्रणालीत केल्यावर त्रास बराच कमी झाला. त्याच फोनात कॉल चालू असताना पलीकडच्या व्यक्तीला गुणगुण ऐकू येई. तिच्यावर मात्र कपॅसिटर जोडण्यावाचून इलाज नव्हता. एकाच यंत्रातील दोन विद्युत दोषांपैकी एक प्रणालीने आवरला आणि दुसरा आवरला नाही. तेव्हा हार्डवेअर की सॉफ्टवेअर या वादात गटाशी हुज्जत घालण्यापेक्षा कोणत्या स्थितीत बिघाड दिसतो आणि कोणत्या स्थितीत दिसत नाही, एवढे लिहून काढणे अधिक फलदायी ठरते.

प्रश्न : आमच्या गावातील मोबाइल दुरुस्तीवाले असा फोन हातातच घेत नाहीत. 'याचा डायग्राम नाही, पार्ट मिळत नाही' असे म्हणतात. रचना खुली असल्याचा मग उपयोग काय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : डायग्राम नाही हे म्हणणे निदान पाइनफोनच्या बाबतीत टिकत नाही. त्याची सर्किट आकृती आणि बोर्डावरील सुट्या भागांच्या जागा दाखवणारा नकाशा निर्मात्यानेच विनामूल्य प्रसिद्ध केला आहे. नामांकित कंपन्यांचे नकाशे आपल्याकडचे चिप लेव्हलचे कारागीर कोठून कोठून मिळवतात हे त्यांनाच ठाऊक. येथे तो राजरोस मिळतो. नकाशाची छापील प्रत घेऊन पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर गेल्यास हॉट एअरचे (गरम हवेने चिप काढण्या-बसवण्याचे) काम जाणणारा कारागीर नकार देण्याआधी निदान एकदा पाहील. बोर्ड चालू आहे की नाही हे तपासण्यासाठी कोणत्या बिंदूवर किती व्होल्ट यावेत, हे आपणच आकृतीवर खूण करून न्यावे.

सुट्या भागांची अडचण मात्र खरी आहे. पडदा किंवा यूएसबीचे छिद्र असलेली छोटी सर्किट पाटी परदेशातूनच येते. बॅटरीचा अपवाद सुखद आहे : पाइनफोनमध्ये सॅमसंग जे७च्या मापाची बॅटरी चालते, आणि ती आपल्याकडे अपरिचित नाही. तसेच नवा फोन अजिबात सुरू होत नसेल, तर बॅटरीच्या संपर्कबिंदूंवर प्रवासासाठी लावलेली पारदर्शक पट्टी काढली आहे का ते आधी पाहावे. ती दिसत नाही, आणि तिच्यापायी कित्येक चांगले फोन 'मृत' ठरतात.

खुलेपणाची मर्यादाही सांगितली पाहिजे. प्रोसेसरच्या चिपच्या आतले काय आहे ते आकृतीत नसते, आणि मोडेमचे मूळ फर्मवेअर (त्याच्या आतले सॉफ्टवेअर) बंदच असते. बिघाड त्या दोहोंच्या आत असेल तर आकृती हाती असूनही चिप बदलण्याखेरीज गत्यंतर नाही.

प्रश्न : विक्रेता परदेशी आहे. ग्राहक आयोगाकडे जाता येईल का? फोन परत पाठवावा का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार आपण राहता तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्यासाठी शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. परंतु भारतात कार्यालय नसलेल्या विक्रेत्याविरुद्ध आदेश मिळाला तरी त्याची अंमलबजावणी करून घेणे फार कठीण असते. म्हणून कार्डाने पैसे भरले असल्यास बँकेकडे व्यवहाराबद्दल वाद नोंदवण्याची मुदत आधी तपासावी.

मुदतीचा मुद्दा कळीचा आहे. पाइनफोनला हमी केवळ ३० दिवसांची असते, आणि युरोपीय संघातील विक्रेत्याकडून तेथील ग्राहकाने घेतलेल्या वस्तूला मिळणारी दोन वर्षांची कायदेशीर हमी भारतातील पत्त्यावर गृहीत धरता येत नाही. फोन हाती येताच कॉल, चार्जिंग, कॅमेरा, ध्वनी आणि बाहेरचा पडदा यांची तपासणी पहिल्याच आठवड्यात उरकावी. आवडीची प्रणाली बसवण्याचा मोह तोवर आवरावा, कारण मूळ स्थितीतील फोनाबद्दलच्या तक्रारीला फाटे फोडता येत नाहीत.

परत पाठवणे हा शेवटचा पर्याय ठेवावा. सुटी लिथियम बॅटरी मालवाहतूक म्हणून प्रवासी विमानाने नेण्यास २०१६ पासून बंदी आहे, आणि अनेक कुरिअर कंपन्या बॅटरीसह फोनही स्वीकारत नाहीत. बोर्ड सदोष असेल तर बॅटरी स्वतःकडे ठेवून उरलेला फोन, किंवा शक्य असल्यास फक्त बोर्ड, पाठवण्याची लेखी परवानगी मागावी. परतीच्या वेळी सीमाशुल्क पुन्हा लागू नये यासाठी मूळ बिल आणि दुरुस्तीसाठी पाठवल्याची कागदपत्रे जपून ठेवावीत.

प्रश्न : वडिलांसाठी असा फोन घ्यावा का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : नाही. यूपीआय आणि बँकेची ॲप त्यावर भरवशाने चालत नाहीत, आणि अडीअडचणीला दारात येणारा माणूस नाही. आपल्या स्वतःसाठी दुसरा फोन म्हणून घेत असाल, तर अवश्य घ्यावा.