रंकाळ्यावर मोहीम घेताना आधी कचरा नेणारा टिपर ठरवा, मग पोती

तुम्ही विचारले आहे की, महाविद्यालयातील पन्नासेक विद्यार्थ्यांना घेऊन कोल्हापूरच्या रंकाळा तलावाकाठी स्वच्छता मोहीम घ्यायची आहे, तर मुले कशी जमवावीत आणि शेवटपर्यंत कशी टिकवावीत. मुले जमतात. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला 120 तास भरायचे असतात, त्यामुळे पहिल्या रविवारी संख्येची अडचण सहसा येत नाही. भरलेली पोती कोण, किती वाजता आणि कोठे नेणार, हे मात्र तुमच्या प्रश्नात कोठेच नाही आणि मला तीच काळजी वाटते.

2017 च्या जानेवारीत मी द्वितीय वर्षाला असताना आम्ही हेच विसरलो होतो. सकाळी साडेसहाला संध्यामठापासून सुरुवात करून दहापर्यंत आम्ही एकेचाळीस पोती भरली. भेळेचे खरकटे कागद, चहाचे कप, दाणे खाऊन टाकलेली मक्याची कणसे, वेफर्सची पाकिटे आणि निर्माल्याच्या पिशव्या असे सगळे एकाच पोत्यात गेले. ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा ठेवण्याचे घनकचरा व्यवस्थापनाचे 2016 चे नियम तेव्हा लागू होते आणि आम्हाला ते वर्गात शिकवलेही होते. पाहुण्यांचे भाषण झाले, छायाचित्रे निघाली, हजेरीवर सह्या झाल्या आणि पोती रस्त्याकडेच्या कचऱ्याच्या कोंडाळ्याशेजारी रचून आम्ही घरी गेलो. गाडी येणार असल्याचे आमच्या विद्यार्थी प्रतिनिधीने सांगितले होते, पण त्याने कोणाशीच बोलणे केले नव्हते. ‘गोळा करणे आपले काम, उचलणे महापालिकेचे,’ असे त्याचे म्हणणे होते.

सोमवारी सकाळी मी तेथून जात होतो. खरकट्याच्या वासाने कुत्र्यांनी पोती फाडली होती, कणसांसाठी जनावरे घुसली होती आणि वाऱ्याने उडालेली पाकिटे पाण्यात जाऊन केंदाळात, म्हणजे जलपर्णीत, अडकली होती. काठावर पडलेले पाकीट वाकून उचलता येते. तेच केंदाळात गेले की केंदाळ काढल्याशिवाय हाती लागत नाही. झाडलोट करणाऱ्या एक मावशी मला म्हणाल्या, ‘बाळा, चार जागचं एका जागी आणून सांडलंसा, आता हे उचलायचं कुणी?’ मी त्यांच्याबरोबर तासभर पोती पुन्हा भरली, आणि त्या दिवसापासून हे वाक्य माझ्या मनातून गेलेले नाही.

म्हणून महापालिकेच्या आपल्या भागातील विभागीय कार्यालयातील आरोग्य निरीक्षकांना आठवडाभर आधी लेखी पत्र द्यावे, टिपर कोठे आणि किती वाजता उभा राहील हे ठरवून घ्यावे आणि आदल्या दिवशी मुकादमांशी पुन्हा बोलावे. टिपरची वेळ मिळत नसेल तर मोहीम पुढे ढकलावी. टोप्या आणि फलकांवर खर्च करू नये. ते पैसे हातमोज्यांना आणि वेगवेगळ्या रंगांच्या पोत्यांना लागतील.

त्या पहिल्या मोहिमेनंतर दोन आठवड्यांनी मी वर्गीकरणाचा आणि टिपर भरेपर्यंत थांबण्याचा आग्रह धरला, तेव्हा तोच प्रतिनिधी म्हणाला की अशाने मुले येणार नाहीत. खरोखरच अकराच जण आले. आम्ही नऊ पोती भरली आणि साडेनऊला ती सगळी टिपरमध्ये चढवली. आजही भेट झाली की तो एकेचाळीस आणि नऊ हे आकडे समोर ठेवतो. त्याचे तेव्हाही चुकले होते आणि आजही चुकते आहे, कारण त्या एकेचाळीस पोत्यांचा भार शेवटी त्या मावशींवर पडला. मुले टिकवण्याबाबत माझे उत्तर एवढेच आहे की शेवटचे पोते गाडीत चढल्याशिवाय हजेरीची सही देऊ नये.

अर्थात अकरा जणांनी रंकाळ्याचा सगळा काठ होत नाही, हे मला मान्य आहे. तुम्ही पन्नास असलात तरी एकच टप्पा घ्यावा. काचा आणि इंजेक्शनच्या सुया मुलांनी हाताने उचलू नयेत. पाण्यात पडलेल्या पाकिटासाठी कोणालाही केंदाळात उतरू देऊ नये, कारण वरून हिरवळ दिसते तेथे खाली किती पाणी आहे, हे काठावरून कळत नाही.