कोकणात घर बांधताना बाहेरचे रूप आणि आतली मांडणी कशी निवडावी?

आपण लिहिले आहे की दापोली तालुक्यात समुद्रापासून साधारण एक किलोमीटरवर आपली आठ गुंठे जागा आहे आणि आर्किटेक्टने घराचे तीन नमुने दिले आहेत: मोठ्या काचांचे, सपाट स्लॅबचे आधुनिक घर, उतरत्या छपराचे चिऱ्याचे (जांभा दगडाचे) कौलारू घर, आणि पुढून कौलारू, मागून स्लॅब असे मिश्र घर. यांपैकी कोणते घ्यावे आणि खोल्या कोठे ठेवाव्यात, असा आपला प्रश्न आहे. मी गुहागर तालुक्यात राहतो. २००९ साली मी पहिल्या नमुन्याच्या जवळ जाणारे घर बांधले आणि आजही त्यातच राहतो, म्हणून माझे मत स्पष्टपणे दुसऱ्या नमुन्याकडे आहे. मात्र त्यात काही बदल करून घ्यावे लागतील.

चित्रात घर नेहमी उन्हात उभे असते. आपल्याकडे ते जून ते सप्टेंबर पावसात उभे राहते, आणि रत्नागिरी जिल्ह्यात या चार महिन्यांत सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पडणारा हा पाऊस सरळ खाली येत नाही, तर नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर आडवा येऊन भिंतीवर आपटतो. माझ्या घराच्या पश्चिमेला पाच फुटी सरकती खिडकी आहे आणि तिच्यावर जेमतेम दीड फुटांचा छज्जा आहे. पहिल्याच जुलैत त्या खिडकीच्या खालच्या पट्टीत पाणी साचून आत उतरू लागले, आणि गणपती येईपर्यंत खिडकीखालच्या गिलाव्यावर हातभर काळपट हिरवा डाग पडला, जो दरवर्षी रंग देऊनही पुन्हा उमटतो. शेजारच्या जुन्या घराला त्याच दिशेला सहा फुटांची पडवी आहे. ऐन आषाढात मी तिथल्या भिंतीवर तळहात टेकवून पाहिला आहे. भिंत कोरडी असते आणि तिच्या कडेने लाकडे, सोललेले नारळ सगळे निर्धास्त रचलेले असते.

म्हणून रंग, दगड आणि कठडे यांचा विचार बाजूला ठेवून आधी छप्पर आणि पडवी ठरवावी, असे मी आग्रहाने सांगेन. दक्षिण आणि पश्चिम या दोन बाजूंना निदान पाच-सहा फुटांची पडवी असावी आणि इतर बाजूंना वळचण, म्हणजे छपराची भिंतीबाहेर येणारी कड, अडीच-तीन फूट बाहेर यावी. पण पडवीचे छप्पर नुसते हवेत पुढे काढू नये, ते खांबांवर टेकवावे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले, तेव्हा मंडणगड आणि दापोली तालुक्यांत किती छपरे उडाली हे आपल्या गावातले लोक आपल्याला सांगतीलच. वारा वळचणीखाली शिरून छप्पर वर उचलतो, त्यामुळे सांगाडा भिंतीच्या माथ्यावरच्या काँक्रीटच्या पट्ट्यात बोल्टने पक्का बांधलेला असावा, वळचणीकडच्या कौलांच्या ओळी तारेने अडकवाव्यात आणि आढ्यावरचे कोने (छपराचे दोन उतार मिळतात तेथली कौले) चुन्या-सिमेंटात बसवावेत. सांगाडा लोखंडी करणार असाल तर गॅल्व्हनाइज केलेला घ्यावा. साध्या लोखंडाला वरून रंग दिला तरी खाऱ्या हवेत त्याला जोडांपाशी लवकर गंज धरतो.

इथे एक प्रश्न मी आपल्याला उलट विचारतो, कारण छपराचे उत्तर त्यावर अवलंबून आहे: घरात वर्षभर कोणी राहणार आहे का? कौलारू छपराची दरवर्षी पावसाआधी शाकारणी, म्हणजे कौले नीट लावून घेण्याचे काम, करावी लागते, आणि वानरांची टोळी एका दुपारी छपरावरून गेली तर वीस-पंचवीस कौले फुटतात. आमच्या वाडीत अनेकांनी केवळ वानरांना कंटाळून कौले उतरवली आणि पत्रा घातला. आपण मुंबईहून गणपती, शिमगा आणि मे महिन्यापुरतेच येणार असाल तर फुटलेले कौल कळेपर्यंत माजघरात तळे झालेले असेल. अशा घराला उतरते छप्परच ठेवावे, पण सांगाड्यावर आधी चांगला पत्रा आणि त्यावर कौले अशी दुहेरी रचना करावी. खर्च वाढतो, परंतु कौल फुटले तरी पाणी पत्र्यावरून वाहून जाते, आणि कौलांमुळे पत्रा तापत नाही व पावसात वाजतही नाही. काँक्रीटचा उतरता स्लॅब घालून त्यावर शोभेची कौले चिकटवण्याची पद्धत हल्ली फार दिसते. मला ती पटत नाही, कारण स्लॅब दिवसभराची उष्णता धरून रात्री घरात सोडतो आणि कौलाखाली मुरलेले पाणी नेमके कोठून गळते ते सापडत नाही.

काँक्रीट जेथे वापराल तेथे फार काळजी घ्या. माझ्या घराच्या छज्ज्याचा खालचा गिलावा नवव्या वर्षी सुटून पडला. आतली सळी फुगून तिचे पापुद्रे निघत होते आणि नखाने टोकरले तरी गंज हातात येत होता. ठेकेदाराने खाडीची वाळू वापरली होती आणि सळीवर काँक्रीटचे आवरण बोटभरही नव्हते, हे तेव्हा उघड झाले. आयएस ४५६ (२०००) या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकात समुद्रकिनाऱ्याची हवा ‘तीव्र’ वर्गात धरली आहे. त्यासाठी काँक्रीट निदान एम ३० या बळकटीच्या प्रतीचे आणि सळीवरचे आवरण ४५ मिलिमीटरचे सांगितले आहे. हे दोन्ही आकडे करारात लिहून घ्या आणि स्लॅब भरण्याच्या दिवशी स्वतः हजर राहून आवरण राखण्यासाठी सळीखाली ठेवलेले ठोकळे मोजा.

चिऱ्याच्या भिंती पाणी शोषतील ही आपल्याला वाटणारी भीती अर्धी खरी आहे. जांभा जाळीदार असतो, पाणी पितो; पण खाणीतून काढल्यावर तो हवेत हळूहळू कठीण होतो आणि पडवीच्या आत पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. म्हणून पडवीआडच्या भिंती उघड्या चिऱ्याच्या ठेवून चिऱ्यांमधल्या दरजा भराव्यात आणि पावसाची झड थेट बसणाऱ्या भिंतींना गिलावा करावा. विटेच्या भिंतीवर चिऱ्यासारख्या दिसणाऱ्या पातळ फरशा चिकटवण्यापेक्षा साधा रंग दिलेली भिंत बरी. काचेचे कठडे तर घेऊच नयेत, कारण मिठाचा थर पुसायला आपण रोज तेथे नसाल.

आतल्या मांडणीत मुख्य अडचण अशी आहे की उन्हाळ्यात ज्या पश्चिमेकडून दुपारी समुद्राचा गार वारा येतो, तिकडूनच जूनपासून पाऊस आणि एरवी तिसऱ्या प्रहरचे ऊन येते. जुन्या घरांनी पुढे ओटी, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर आणि भोवती पडवी अशी मांडणी करून ही अडचण सोडवली होती, आणि समोरासमोरच्या दारांमुळे वारा घर ओलांडून जात असे. आपल्या आराखड्यातही पुढच्या आणि मागच्या दाराची रेघ एक ठेवावी. निजण्याच्या खोल्या पूर्वेला व उत्तरेला घ्याव्यात. जिना, कोठीची खोली आणि न्हाणीघर नैर्ऋत्येला ठेवले की पावसाचा मार त्यांच्यावर जातो. कपडे वाळवायला छपराखाली मोकळी जागा हवीच. चार महिने ओले कपडे दिवाणखान्यात टांगावे लागले की घराची रया जाते. दोन मजली उंचीचा दिवाणखाना मात्र वगळावा. त्याची जळमटे आणि बुरशी काढायला शिडी लागते. शौचालयाचा शोषखड्डा विहिरीपासून निदान वीस मीटर दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला असावा, कारण जांभ्यातून पाणी झपाट्याने झिरपते.

जागेजवळ खाडी असेल तर सीआरझेडचा (किनारा नियमन क्षेत्राचा) नकाशा आराखडा पक्का करण्याआधी तपासून घ्या. भरतीच्या पाण्याची खाडी असेल तर किनारा दूर असूनही हा नियम लागू होऊ शकतो.

आपण डिसेंबरात काम सुरू करण्याचे म्हटले आहे. मेअखेर छप्पर चढेल अशी खात्री ठेकेदार देईल, पण मनुष्यबळ कमी पडले की ते जूनमध्ये अर्धे राहते आणि भिंती उघड्या भिजतात. मी आपल्या जागी असतो तर या हंगामात फक्त पाया आणि जोते पूर्ण करून थांबलो असतो, आणि जुलैत दोन दिवस तेथे राहून पाणी आवारात कोणत्या बाजूने शिरते व जोत्याला कोठे लागते ते पाहिले असते. जोत्याची उंची आणि गटारांची दिशा तेव्हा सुधारता येते, आणि पडवी कोणत्या बाजूला आणखी दोन फूट वाढवायची हेही भिंती उभ्या राहण्याआधी ठरवता येते.