फायबरच्या होडीसाठी सिम्युलेशन कितपत उपयोगी पडते?

हाताने थर देऊन फायबरच्या होड्या बनवणाऱ्या लहान कारखान्याला पदार्थचाचणी आणि संगणकावरील सिम्युलेशन (काम कसे होईल याचा आधीच काढलेला अंदाज) यांचा खरोखर उपयोग होतो का, असे आपण विचारले आहे. रत्नागिरीजवळच्या अशाच एका शेडमध्ये मी हे काम केले आहे. उपयोग होतो, मात्र चाचणी आधी आणि सिम्युलेशन नंतर, हा क्रम पाळला तरच.

हातकाम सोडून आम्ही व्हॅक्यूम इन्फ्युजनकडे, म्हणजे काचतंतूंच्या मॅटचे कोरडे थर प्लास्टिकखाली झाकून, पंपाने हवा काढून त्यांत रेझिन (नंतर कडक होणारा चिकट द्रव) ओढून घेण्याच्या पद्धतीकडे वळलो, तेव्हा पहिल्याच लहान होडीत पलीकडच्या काठाला हातभर पट्टा कोरडा, पांढराफटक राहिला आणि बादलीतले रेझिन जेल होऊन, म्हणजे घट्ट होऊन बसले. सगळ्यांनी पंपाला दोष दिला. वास्तविक मॅटमधून रेझिन सरकते ते फ्रेंच अभियंता डार्सीच्या नियमाने. 1856 मध्ये वाळूतून झिरपणाऱ्या पाण्यासाठी मांडलेल्या या नियमानुसार एका काठाने रेझिन सोडल्यास लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आमच्याकडे पहिला मीटर भिजायला 10 मिनिटे लागत होती, म्हणजे काठापासून काठापर्यंतच्या अडीच मीटरला तासाहून अधिक. रेझिन मात्र 45 मिनिटांत जेल होत होते. व्हॅक्यूमने एका वातावरणापेक्षा जास्त दाब मिळतच नाही, त्यामुळे मोठा पंप आणूनही फारसे साधले नसते. रेझिनची नळी तळाच्या मधोमध घेतली, अंतर निम्मे झाले आणि काम सोळा मिनिटांवर आले.

एवढे गणित कागदावर होते. जिथे थरांची जाडी बदलते, आडवे दांडे येतात आणि दोन बाजूंनी आलेले रेझिन मध्ये हवा कोंडते, तिथे सिम्युलेशन हवे. पण त्यात घालायचे आकडे आपल्याच शेडमधले हवेत. रेझिनच्या माहितीपत्रकातला जेल टाइम (घट्ट व्हायला लागणारा वेळ) साधारणपणे 25 अंश तापमानाचा असतो. मे महिन्यात रेझिन पातळ होऊन वेगाने सरकते खरे, पण दर दहा अंशांमागे जेल टाइम ढोबळमानाने निम्म्यावर येतो. शिवाय 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, म्हणून दुरुस्तीची कामे नेमकी दमट हवेत येतात आणि मॅट ओल धरते. त्यामुळे उन्हाळ्याचे आणि पावसाळ्याचे आकडे वेगळे ठेवावेत.

मोजणी महाग नाही. सपाट काचेवर तेवढेच थर मांडून, व्हॅक्यूम देऊन, दर दहा सेंटिमीटरला घड्याळ पाहावे. शाफ्टचे भोक पाडताना निघालेली चकती वजन करून सुमारे 600 अंशांच्या भट्टीत जाळावी. रेझिन जाते, काच उरते. हाताने थर दिलेल्या मॅटच्या चकतीत वजनाने जेमतेम तिसरा हिस्सा काच निघते, हे कारागिरांनी स्वतः तराजूवर पाहिले, तेव्हाच त्यांचा या सगळ्यावर विश्वास बसला.